बिनछापाची हत्यारं

कळंबला भंगाराच्या दुकानात काट्यावर लोखंड पडतं तेव्हा त्यात काय काय आहे हे कुणी बघत बसत नाही. कुळवाची झिजलेली पास, फुटकी घमेली, सळईचे तुकडे, मोटारसायकलची चेन, सगळ्याला एकच भाव. अशाच एका ढिगात मला सुताराचा वाकस दिसला. दांडा नव्हता. विचारलं तर दुकानदार म्हणाला, "लाकडाला कुठं भाव असतोय? काढून टाकलं." वाकस किलोला थोडा कमी भरला. त्याच भावानं मी तो घेतला.

घरी आणल्यावर कळलं की आपण अर्धंच हत्यार आणलं आहे. दांडा कुठल्या लाकडाचा होता, किती लांब होता, सुताराच्या हातानं तो कुठे गुळगुळीत झाला होता, हे सगळं त्या दुकानामागच्या कचऱ्यात गेलं. तो कुणाचा, कुठल्या गावचा, त्यानं काय काय तासलं, हेही दुकानदाराला ठाऊक नव्हतं. माझ्या हातात होतं ते फक्त लोखंड.

जुन्या सुतारी हत्यारांचा संग्रह आणि अभ्यास हा इंग्लंड-अमेरिकेत चांगला मुरलेला छंद आहे. त्यावर ग्रंथ आहेत, मंडळं आहेत, लिलाव आहेत. आपल्याकडे आता कुठे काही तरुण आर्किटेक्ट, काही हौशी सुतारकाम करणारे आणि काही शिक्षक या वाटेला लागले आहेत. म्हणून या सगळ्या विषयाचा एकदा नीट आढावा घ्यायला हवा: जमवायचं काय, ओळखायचं कसं, राखायचं कसं आणि ठेवायचं कुठे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तिकडचा संग्राहक कारखान्याचा छाप वाचतो. आपल्या गावच्या हत्यारांवर छापच नसतो. तेव्हा तिकडची रीत जशीच्या तशी इथे लावून भागणार नाही. आपल्याकडे छापाचं काम माणसाची आठवण करते, आणि ती आठवण असलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

पेटीत काय असायचं

सुतार हा बारा बलुतेदारांत थोरल्या कासेतला, म्हणजे ज्यांच्यावाचून शेत अडतं अशांपैकी. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ साली आलं. त्यात या सगळ्या देण्याघेण्याचा हिशोब सापडतो. औतं दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं, असा हा व्यवहार. घर बांधणं, नवी गाडी करणं ही कामं वेगळ्या मजुरीची.

या कामाला लागणारी पेटी फार मोठी नव्हती. तासायला वाकस. भोक पाडायला किकरं, ते साफ करायला पटाशी, दोन्हींवर मारायला मोगरी. चिरायला लहानमोठ्या करवती. सपाट करायला रंधा. बारीक भोकांसाठी सामता, मोठ्या भोकांसाठी गिरमिट. करवतीचे दात घासायला कानस. कोन बघायला गुण्या, उभी रेघ बघायला ओळंबा. आणि मापायला लाकडी गज, त्यावर चोवीस तसूंच्या खुणा. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली, तरी म्हाताऱ्या सुतारांच्या तोंडी तसू पुढेही बराच काळ राहिला. असा खुणांचा गज मिळाला तर तो दहा पटाश्यांपेक्षा मोलाचा समजावा, कारण त्यानं एका माणसाची मापून विचार करायची पद्धतच जपून ठेवलेली असते.

सामता हा यातला सगळ्यांत देखणा प्रकार. उभी लाकडी दांडी, खाली टोकदार पातं, वर हातात धरायची वाटी. दांडीला कमानीची दोरी वेटाळायची आणि कमान पुढेमागे ओढायची. दांडी आधी एका बाजूला फिरते, मग दुसऱ्या. आमच्याकडच्या एका सुतार आबांना मी विचारलं, "आबा, ह्याला काय म्हणायचं?" ते म्हणाले, "सामता. आमची ड्रिल. लाइट गेली तरी चालती."

ही हत्यारं नुसती पाहून समजत नाहीत, ती बसून समजतात. आपला जुना सुतार जमिनीवर बसून काम करायचा. लाकूड पायाच्या अंगठ्यात आणि टाचेखाली धरायचा. शिकंजा म्हणजे त्याचे पायच. म्हणून आपल्या वाकसाचा दांडा आखूड. म्हणूनच आपल्या बऱ्याच जुन्या करवतींचे दात मुठीकडे वळलेले असतात, कारण बसलेल्या माणसाला ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं. युरोपचा सुतार उंच बाकापाशी उभा राहायचा, अंगाचा भार पुढे टाकायचा, म्हणून त्याची करवत ढकलताना कापते. एखादी जुनी करवत हातात आली तर आधी दात कुणीकडे बघतात ते पाहावं. ती वापरणारा बसलेला होता की उभा, याचा अंदाज तिथेच येतो.

पेटीपेक्षा मोठं होतं ते पेटीतून निघालेलं काम. तिफण घ्या. दिंडाला तीन फण, फणांतून वर गेलेल्या नळ्या, आणि त्या सगळ्या जिथे मिळतात तिथे चाडं. फणांमधलं अंतर चुकलं तर पिकाच्या ओळी चुकतात आणि पुढे कोळपं चालत नाही. म्हणजे सगळ्या हंगामाचा हिशोब सुताराच्या चार भोकांवर. गाडीचं चाक त्याहून अवघड. मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि त्यावर लोखंडी धाव. धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करून चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. ती आकसते आणि सगळं चाक आवळून धरते. हे काम सुतार आणि लोहार दोघांनी मिळूनच व्हायचं. लाकूड बहुधा बाभळीचं, कारण बालाघाटाच्या या उजाड पठारावर सागवान कुठलं? ते बाहेरून यायचं आणि वाड्याच्या दारा-खांबांना लागायचं.

आपल्या भागात लाकूडकामाची परंपरा किती जुनी, हे पाहायला लांब जायला नको. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी वर्णनातही त्याचं नाव येतं. तिथल्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट आज तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत. काम टिकलं, ते करणारी हत्यारं मात्र टिकली नाहीत. याचं कारण साधं आहे. हत्यार झिजलं की लोहार त्याचंच दुसरं काहीतरी करायचा. गावात लोखंड वाया जात नसे.

काम कसं गेलं

हत्यारं भंगारात आली कारण त्यांचं काम गेलं, आणि ते एका दिवसात गेलं नाही. पहिला धक्का लोखंडी नांगराचा. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि किर्लोस्करांचे नांगर महाराष्ट्रभर पोचू लागले. लाकडी नांगर हळूहळू मागे पडला. पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर, मग ट्रॅक्टरवरचं पेरणीयंत्र. तुंबा आणि चाडं करायची गरजच राहिली नाही.

घरांचा धक्का उशिरा बसला, पण जोरात बसला. मराठवाड्याचं जुनं घर खणावर मोजलं जायचं. लाकडी खांब, त्यावर तुळया, वर आडव्या कड्या, किलच आणि त्यावर मातीचा जाड थर म्हणजे माळवद. भिंती दगडमातीच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपल्या जिल्ह्यात, विशेषतः उमरगा भागात, हजारो माणसं त्या दगडामातीखाली गेली. काही ठिकाणी भिंती ढासळल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिला होता. पण लोकांच्या मनात माळवदाची जी भीती बसली ती बसलीच. कळंब परिसर केंद्रापासून दूर, तरी इथेही माळवदं उतरवून पत्रे आणि स्लॅब आले. उतरवलेलं लाकूड विकलं गेलं आणि माळवद घालू शकणारा सुतार बिनकामाचा झाला.

तिसरा धक्का प्लायवूडचा आणि विजेच्या यंत्रांचा. आता सुतार म्हणजे फर्निचरवाला. त्याच्याकडे कटर असतो, राउटर असतो, वाकस नसतो. यात त्याची काही चूक नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यात सुतार आहे. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. नवी हत्यारं घरात येतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण नवी पेटी आली की जुनी पेटी माळ्यावर जाते, आणि माळा साफ करताना भंगारात. संग्रह करणाऱ्यानं जुन्या पेटीची चौकशी करायची ती याच सांध्यावर.

बाहेरच्यांनी काय केलं

भंगाराच्या ढिगातून एका मोठ्या संग्रहाचा जन्म झाल्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. पेनसिल्व्हेनियातल्या डॉइल्सटाउनचे हेन्री मर्सर हे मुळात पुरातत्त्वाचे अभ्यासक. १८९७ मध्ये चुलीजवळचं जुनं सामान शोधताना ते एका अडगळ विकणाऱ्याकडे गेले. तिथल्या कवडीमोल ढिगात त्यांना हातानं वापरायची जुनी हत्यारं दिसली. यंत्रांपूर्वीचं सगळं जगणं आपल्या डोळ्यांदेखत फेकलं जातंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे त्यांनी हजारो वस्तू जमवल्या, १९१६ मध्ये त्यांचं संग्रहालय उघडलं, आणि १९२९ मध्ये जुन्या सुतारांच्या हत्यारांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यात हत्यारं आकारानुसार मांडलेली नाहीत. झाड पाडण्यापासून पुढे, कामाच्या क्रमानं ती येतात. आपल्याकडे कुणी मांडणी करणार असेल तर हाच क्रम घ्यावा.

इंग्लंडमध्ये रॉचेस्टरच्या संग्रहालयात बेंजामिन सीटनची पेटी आहे. त्याच्या वडिलांनी १७९६ मध्ये लंडनहून हत्यारं आणून दिली आणि पुढच्या वर्षी त्यानं त्यांच्यासाठी पेटी बनवली. पेटीइतकंच मोल तिच्या यादीला आहे. प्रत्येक हत्याराचं नाव आणि किंमत तीत लिहून ठेवली असल्यामुळे त्या काळची हत्यारं कुठली आणि त्यांना काय म्हणत, हे आज ठामपणे सांगता येतं. फ्रान्समध्ये त्र्वा शहरात १९७४ पासून हत्यारांचंच एक संग्रहालय आहे. पॉल फेलर या जेझुइट पाद्र्यानं जमवलेल्या वस्तूंवर ते उभं राहिलं. जपानमध्ये कोबे इथे १९८४ मध्ये ताकेनाका कंपनीनं सुतारी हत्यारांचं संग्रहालय काढलं. जपानी करवत आणि रंधाही ओढून चालवतात. आपल्या बसक्या सुताराला तिथे आपलं नातं सापडेल.

अमेरिकेत जुन्या उद्योगांच्या अभ्यासकांचं मंडळ १९३३ पासून आहे. इंग्लंडमध्ये हत्यारं आणि व्यवसायांच्या इतिहासाचं मंडळ १९८३ मध्ये निघालं. आर. ए. सलामन यांचा हत्यारांचा कोश १९७५ चा. या सगळ्यांनी केलं काय? वस्तू, नाव आणि वापर या तिघांची गाठ कागदावर बांधली. आपल्याकडे वस्तू अजून आहेत आणि वापर करणारे हात थोडे आहेत. गाठ मारायची राहिली आहे.

छाप असलेली हत्यारं

कळंबच्या आसपास विलायती हत्यारंही मिळतात, थोडी पण मिळतात. ती कशी आली असतील याचा तर्क करता येतो. बार्शी इंग्रजी मुलखात होती, कळंब निजामाच्या. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. तिच्यावरच्या एका स्टेशनाचं नावच कळंब रोड. रेल्वेचे कारखाने, सोलापूरच्या गिरण्या, बांधकाम खातं, मिशनरी शाळा, अशा ठिकाणचं सामान हातोहाती खेड्यांत उतरलं असणार.

अशा हत्यारांची ओळख सोपी. पटाशीवर 'कास्ट स्टील' असा ठसा असेल तर ते ओतीव लोखंड नव्हे. शेफील्डच्या बेंजामिन हंट्समननं १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली, त्या जातीचं ते चांगलं पोलाद. रंध्यावर 'स्टॅन्ली' असेल तर ती मूळची अमेरिकेतल्या कनेटिकटची कंपनी. लेनर्ड बेली यांची पेटंटं या कंपनीनं १८६९ मध्ये घेतली आणि त्यांच्या बेतावर एक ते आठ क्रमांकाचे लोखंडी रंधे काढले. त्यांच्या ओतीव पायावर पेटंटच्या तारखा असतात. १९ एप्रिल १९१० ही तारीख दिसली तर रंधा त्यानंतरचा, एवढं नक्की. डिस्टन कंपनीच्या करवतीच्या मुठीत पितळी बिल्ला असतो, आणि त्याच्या मजकुरावरून अभ्यासक काळ ठरवतात.

पण तारीख म्हणजे हत्यार कधी बनलं ते. ते कळंबला कधी आलं, कुणी वापरलं, हे तारीख सांगत नाही. शिवाय पातं बदललेलं असतं, मूठ नवी असते, चाप कुठल्या तरी तिसऱ्याच रंध्याचा असतो. आपल्याकडे वस्तू चालती ठेवणं हाच धर्म. म्हणून 'सगळं मूळचंच आहे' असं कुणी सांगितलं तर जपून ऐकावं. असा जोडतोड झालेला रंधा संग्राहकाला दुय्यम वाटेल, मला तो इतिहासाच्या दृष्टीनं जास्त बोलका वाटतो.

छाप नसलेली हत्यारं

आता माझ्या वाकसाकडे येऊ. त्यावर अक्षर नाही. मग वाचायचं काय?

पहिलं, लोखंड. कडेनं नीट बघितलं तर धारेपासून दोन बोटांवर एक फिकी रेघ दिसते. अंग मऊ लोखंडाचं आणि धारेला पोलादाची पट्टी तापवून जोडलेली. पोलाद महाग होतं तेव्हाची ही काटकसर. किकऱ्यांवर कधीकधी बारीक तिरप्या रेघांची पुसट जाळी दिसते. म्हणजे झिजलेल्या कानशीचं लोहारानं किकरं केलं आहे. आणि सगळं अंग एकाच पोलादाचं, एकसारख्या जाडीचं असेल तर मोटारीच्या कमानपाट्याची शंका घ्यावी. तसं असेल तर हत्यार ट्रक-मोटारी आल्यानंतरचं. एवढ्यावर निदान 'अलीकडचं' की 'आधीचं' हे तरी ठरतं.

दुसरं, झीज. माझ्या वाकसाचं पातं एका कोपऱ्यात जास्त खाल्लेलं आहे. उजव्या हातानं सतत तिरपं तासणाऱ्याची ती खूण. पातं मूळच्यापेक्षा बरंच आखूड झालंय. इतकं आखूड होईपर्यंत निसण्यावर घासायला एका माणसाचं आयुष्य लागलं असेल. मागच्या डोक्याला मार बसून कड दुमडली आहे. म्हणजे हातोड्याचं कामही यालाच.

तिसरं, काम. हत्यार समजून घ्यायची सगळ्यांत चांगली जागा म्हणजे त्यानं केलेलं लाकूड. गावात अजून एखादं माळवद उभं असेल तर तुळईवर बॅटरीचा उजेड आडवा पाडून बघा. उथळ शिंपल्यांसारखे खड्डे ओळीनं दिसले तर तो वाकस. सरळ पण कमीअधिक तिरप्या रेघा असतील तर दोन माणसांनी ओढलेली मोठी करवत. एकसारख्या कमानदार रेघा असतील तर गोल पात्याची सॉ मिल. हाताला हलक्या लाटा लागल्या तर रंधा. वाकसाची ढलपी केवढी उडाली असेल हेसुद्धा त्या खड्ड्याच्या रुंदीवरून कळतं. एका तुळईवर तीन हत्यारांचे ठसे सापडले की त्या घराचा बांधायचा क्रम डोळ्यांपुढे येतो.

चौथं, नाव. हे सगळ्यांत आधी नाहीसं होतं. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', त्याचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळातले, हे दोन्ही जवळ असावेत. सुताराच्या पेटीतले कितीतरी शब्द त्यांत आहेत. पण कोशातला शब्द आणि आपल्या वेशीतला शब्द एकच असतो असं नाही. बार्शीकडे एक म्हणतील, केजकडे दुसरं. म्हणून ज्याच्याकडून हत्यार घेतलं त्याच्याच तोंडचा शब्द, त्याच्याच उच्चारात लिहून घ्यावा. मोबाइलवर आवाज घेतला तर आणखी बरं.

साफ करताना

इथे मी स्वतः माती खाल्ली आहे. सुरुवातीला मिळालेलं एक किकरं मी चकचकीत करायच्या नादात ग्राइंडरवर धरलं. गंज गेला, आणि त्याबरोबर कानशीची ती पुसट जाळीही गेली. शिवाय पातं तापून निळं पडलं, म्हणजे लोहारानं दिलेलं पाणीही उतरलं. आता ते किकरं ना वापरायचं ना दाखवायचं.

तेव्हापासून नियम एकच: कमीत कमी करायचं. रॉकेलमध्ये भिजवून, पितळी ब्रशनं हलक्या हातानं सुटा गंज काढावा. खाली राहणारा काळपट थर तसाच ठेवावा, तो लोखंडाला राखतो. दांडे आणि मुठी पाण्यानं धुऊ नयेत, कोरड्या फडक्यानं पुसाव्यात आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. जवसाचं तेल सुकतं, म्हणून ते लाकडाला चालतं. आपल्या भागातलं करडईचं तेलही सुकणाऱ्यांपैकी आहे. शेंगदाण्याचं तेल मात्र नीट सुकत नाही, चिकट राहतं आणि धूळ धरतं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या हवेत सुटी पसरून वाळवावीत. पेटीत कापराच्या दोन वड्या ठेवाव्यात, पावसाळ्यात गंज कमी धरतो. वाळवीचा मात्र वर्षातून दोनदा तपास हवाच.

धार लावावी की नाही? वापरायचं असेल तर लावावी. जोडीचं एखादं हत्यार वापरात असलं तर समज वाढते. पण ज्याची धार शेवटच्या मालकानं लावलेली आहे ते निदान एक तरी तसंच राहू द्यावं.

कायदा, पैसा आणि जागा

१९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून कमी नसलेली, गतकाळच्या कला-कारागिरीची साक्ष देणारी वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येऊ शकते. सक्तीची नोंदणी मुख्यतः मूर्ती, चित्रं, हस्तलिखितं अशा वर्गांना आहे. पण पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकाला पणजोबांचा रंधा पाठवण्याआधी हे लक्षात ठेवावं.

पैशाचा मुद्दा नाजूक आहे. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार इथे सजावटवाले येतात. हॉटेलच्या भिंतीवर चाक, खांबावर रंधा, असं मागणीचं स्वरूप. भंगारात किलोवर गेलेली वस्तू तिथे नगावर विकली जाते, आणि मधला फरक सुताराच्या घरी जात नाही. गावात थेट घेणाऱ्यानं निदान एवढं करावं: भंगाराचा भाव सांगून घेऊ नये, काय घेतोय आणि का घेतोय ते घरच्यांना सांगावं, आणि उद्या त्यांच्या नातवानं मागितली तर दाखवायची तयारी ठेवावी.

जागेचा प्रश्न सगळ्यांत मोठा. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास रोजच्या वापरातल्या वस्तू जमवायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, वाड्यांची दारं यांना त्यांनी संग्रहालयात मान मिळवून दिला. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलं, ते ग्रामोद्योगांसाठी. कोल्हापूरजवळ कणेरीला बलुतेदारांची कामं पुतळ्यांतून उभी केली आहेत. तेरच्या संग्रहालयाची कहाणी तर आपल्या उंबऱ्यातली. लामतुरे हे काही विद्यापीठातले संशोधक नव्हते. गावात उगवून येणाऱ्या वस्तू त्यांनी सांभाळल्या, म्हणून आज राज्य शासनाचं संग्रहालय आहे. पण यातलं एकही ठिकाण मांजरा खोऱ्यातल्या सुताराची पेटी, तिच्या नावांसकट, दाखवण्यासाठी उभारलेलं नाही. ते काम कळंबलाच व्हायला हवं. त्याला इमारत लागत नाही. एखाद्या शाळेतलं एक कपाट आणि एक जाड वही पुरे.

आधी वही

म्हणून नवशिक्यांना माझा सल्ला: पहिले सहा महिने काहीही विकत घेऊ नका. एक वही घ्या. एका हत्याराला एक पान. नाव, मालकाचं गाव, लोखंड कुठल्या लोहाराकडचं, दांडा कुठल्या झाडाचा, लांबी-रुंदी, त्यानं केलेलं एक तरी काम आणि ते आज कुठे आहे. सोबत एक फोटो, तोही हत्यार हातात धरलेला. कारण हात दिसला तरच ते धरायचं कसं हे कळतं.

माझ्या वाकसाच्या पानावर यातल्या बऱ्याच रकान्यांत काहीच नाही. दांड्याच्या रकान्यात 'नाही' एवढंच लिहिलं आहे.

सुरुवात कधी करायची, यालाही उत्तर आहे. खंडेनवमीला अजूनही सुताराच्या घरी पेटी उघडते. वर्षभर माळ्यावर असलेली हत्यारंसुद्धा त्या दिवशी खाली येतात, पुसली जातात, त्यांना हळदकुंकू लागतं आणि ती देवापुढे ओळीनं मांडली जातात. सबंध तालुक्यात त्या एका दिवशी, घराघरांत, कुणी न भरवलेलं प्रदर्शन भरलेलं असतं. आमंत्रण लागत नाही. घरच्यांना आधी विचारा, चप्पल बाहेर काढा, आणि नमस्कार करून झाला की वही उघडा.